हात न पोचणारी दरी

दरी आधी एकाच टेबलावर मावणार होती. तसं ठरलं होतं, तसं चित्रही काढलेलं होतं आणि त्या चित्राखाली मामाने "झकास" असं लिहून ऐटीत सही ठोकली होती. पण थर्मोकोल कापायची गरम तार एकदा भिंगरीच्या हातात आली की तिला थांबवणं कुणाच्याने होणारं नव्हतं.

भिंगरीला खरं नाव होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीपुरतं. बाकी सगळ्या जगासाठी ती भिंगरी, कारण ती एका जागी गप्प बसलेली दिसली की लोक तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायचे. घरातली ही भिंगरी शाळेत मात्र इतकी वर्षं मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची. मग आठवीच्या शेवटी शाळेच्या नाटकासाठी तिने खोक्यांचं जंगल बनवलं. पडदा वर गेला आणि नट तोंड उघडायच्या आधीच लोकांनी जंगलालाच टाळ्या दिल्या. त्या दिवसापासून तिची मान जी वर झाली ती खाली यायला तयार नव्हती. प्रेक्षकांत मामा होता. नाटक संपल्यावर तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "सुट्टीत माझ्याकडे ये. मला एक दरी हवीय."

मामाचं काम बाहुल्यांना चालवायचं. दोऱ्या बांधून नाही, स्टॉप-मोशनने. म्हणजे बाहुलीचा पाय केसभर पुढे सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे बारा फोटो जोडले की पडद्यावर एक सेकंद होतो. दिवसभर मरमर करावी तेव्हा कुठे संध्याकाळी बाहुली अंगण ओलांडते. "माझ्यापेक्षा गोगलगाय बरी, तिला निदान तेवढ्यात विश्रांती तरी मिळते," असं मामा म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शीळ घालत परत कामाला जायचा.

त्याचा स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आधी तिथे टायपिंगचे वर्ग चालायचे, त्यामुळे भिंतीवर अजून बोटं कशी ठेवायची याचा तक्ता होता. खिडक्यांना काळा कागद, जमिनीवर रंगाचे ठिपके, आणि डिंकाचा असा वास की बाहेर आल्यावर हवाच बेचव लागावी. मामाच्या जोडीला एक बाई होत्या. कॅमेरा त्यांचा, दिवे त्यांचे, आणि मामाला गप्प करायचा हक्कही त्यांचाच. त्या दिवसभर एक डोळा मिटून कॅमेऱ्यातून बघत असायच्या, इतक्या की चहा पितानाही तो डोळा उघडायचं विसरायच्या. भिंगरी त्यांना कॅमेरामावशी म्हणायची.

नव्या फिल्मचा नायक होता टोपीवाला. उंची वीतभर, आत तारेचा सांगाडा, अंगात लोकरीचा कोट, डोक्यावर टोपी. त्याने फार वर्षांपूर्वी दरीपलीकडच्या शेजाऱ्याकडून एक शिडी उसनी आणलेली असते आणि ती परत करायची राहूनच गेलेली असते. एका सकाळी त्याला भयंकर लाज वाटते. तो शिडी खांद्यावर टाकतो आणि निघतो. बस, एवढीच गोष्ट.

"आणि बरोबर मध्यावर, पुलावर, तो थांबतो," मामा सांगत होता. "शिडी खाली ठेवतो. आता इतक्या वर्षांनी काय तोंड दाखवायचं, असा विचार करतो. मागे वळतो. मग पुन्हा पुढे. तो पूल म्हणजे अख्खी फिल्म आहे, भिंगरे. बाकी नुसतं चालणं."

"मग पूल एकदम दरीच्या पोटात हवा," भिंगरी म्हणाली. "तिथून परत फिरावंसं वाटेल इतका आत."

"अगदी माझ्या मनातलं बोललीस."

दोघांनी मिळून दरीचं वाटोळं केलं ते या वाक्यात, पण ते तेव्हा कुणालाच कळलं नाही.

भिंगरीने जिवाचं रान केलं. थर्मोकोलच्या लाद्या एकावर एक रचून डोंगर उभे केले. त्यांच्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या डिंकात भिजवून चढवल्या, त्यावर प्लास्टर. प्लास्टर ओलं असतानाच चुरगळलेली चंदेरी फॉइल दाबून खडकांना सुरकुत्या पाडल्या. लाकडाच्या भुशाला चार तऱ्हेचे हिरवे रंग देऊन गवत केलं, कारण तिच्या मते एकाच हिरव्या रंगाचं गवत फक्त गालिच्यावर उगवतं. माती म्हणून गाळलेल्या चहाची पावडर वाळवून पसरली. त्या काळात मामाच्या आणि भिंगरीच्या, दोन्ही घरांत चहा जरा जास्तच व्हायला लागला. पाइनच्या झाडांसाठी तारा पिळल्या, त्यांना आंघोळीच्या स्पंजचे कुरतडलेले तुकडे लावले. नदी आणि तिचा डोह जाड प्लास्टिकच्या पत्र्याचा, खालून निळा-काळा रंगवलेला. डोहाकाठचं लव्हाळं तिने झाडूच्या काड्या चिरून एकेक करून लावलं, आणि ते करताना जीभ इतका वेळ बाहेर ठेवली की जिभेलाही डिंक लागला.

स्टुडिओचा एकच नियम होता: काहीही हलता कामा नये. डोळ्यांना न दिसणारं हलणं कॅमेऱ्याला दिसतं. एक काडी जरी दोन फोटोंच्या मध्ये वाकली तरी पडद्यावर ती उडी मारते. म्हणून सगळं चिकटवलेलं, खिळलेलं, बांधलेलं. मामाने तर टेबलांच्या खालून आडव्याउभ्या लाकडी पट्ट्या ठोकून असा काही पिंजरा केला की तो म्हणायचा, "आता भूकंप आला तर पळत येऊन या टेबलाला धरायचं."

टेबलांच्या म्हणजे, तोवर ती तीन झाली होती. कॅमेऱ्यातून बघितलं तर मागचे डोंगर अगदी मांडीला मांडी लावून बसल्यासारखे दिसत होते. म्हणून भिंगरीने टायपिंगच्या वर्गातलं दुसरं टेबल ओढलं. मग तिसरं. मग मागच्या भिंतीपर्यंत थोडी जागा उरली, ती तिला बघवेना, म्हणून तिथे जुना दरवाजा आडवा टाकून त्याच्यावर आणखी चिमुकले डोंगर, चिमुकली झाडं, आणि काडेपेटीएवढं शेजाऱ्याचं घर. दरी आता खोलीच्या तिन्ही भिंतींना टेकली होती. मामा त्या दिवसांत बाहेरच्या खोलीत एका साबणाच्या जाहिरातीसाठी साबणदाणीला नाचवत होता. तो मधूनमधून आत यायचा, एक डोळा मिटून कॅमेऱ्यातून बघायचा, "अगं, काय हे," म्हणायचा आणि खूश होऊन निघून जायचा. कॅमेरामावशीही तिथूनच बघायच्या. भिंगरीसुद्धा. तिघंही एका डोळ्याने.

दरी पुरी झाली त्या सकाळी मामाने साबणाने हात धुतले, पांढरे हातमोजे चढवले आणि डबीतून टोपीवाल्याला बाहेर काढलं. त्याला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती. कॅमेरामावशींनाही नाही.

"चला साहेब," मामा त्याला म्हणाला, "आधी पुलावर उभे राहून बघा, उजेड कसा पडतो ते."

त्याने हात पुढे केला. हात पहिलं शेत ओलांडून गेला आणि थांबला. मामा पुढे वाकला. हात टेकडीपर्यंत गेला. मामाने एक पाय उचलला, पोट टेबलाच्या कडेवर टेकवलं, मान ताणली, जीभ बाहेर काढली. पूल अजून तेवढाच लांब होता.

 मामा सावकाश सरळ झाला. त्याच्या पोटाला हिरवा भुसा लागला होता.

"उजवीकडून जा," कॅमेरामावशी म्हणाल्या.

"उजवीकडे भिंत आहे."

"डावीकडून."

"तिकडेही भिंत आहे, बाई. आपल्याच खोलीत उभे आहोत."

"मागून?"

मामाने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मग भिंगरीने कपाळावर हात मारला, मामाने टेबलावर मारला, टेबल मजबूत असल्यामुळे ते हललं नाही, आणि कॅमेरामावशींनी कितीतरी दिवसांनी दुसराही डोळा उघडला.

"चित्रात हात काढलाच नव्हता आपण," भिंगरी हळूच म्हणाली.

"इतकी वर्षं हेच काम करतोय," मामा म्हणाला, "आणि शेंबड्या पोराला कळेल ते मला कळलं नाही. सही कुणाची आहे त्या चित्रावर? माझी. झकास म्हणे."

चूक मामाने स्वतःवर घेतली, पण त्याने पुढे जे सांगितलं ते भिंगरीला अजिबात पटलं नाही. परवापासून शूटिंग सुरू करायलाच हवं होतं, कारण मुलांच्या वाहिनीला पहिला तुकडा महिनाअखेर दाखवायचं कबूल केलेलं होतं. तेव्हा दरीचा एक मोठ्ठा, देखणा फोटो काढायचा, तो मागे लावायचा, पुढे फळीभर रस्ता करायचा, आणि टोपीवाल्याने त्या फळीवरून चालायचं.

"छान दिसेल गं," मामा म्हणाला. "दरी तुझीच असेल."

"पण तो दरीच्या पुढून चालेल, मामा. दरीतून नाही."

"लोकांना कळणार नाही."

"झाडामागे गेला तर तो दिसेनासा व्हायला हवा. पुलावर आला की डोंगराची सावली त्याच्या अंगावर पडायला हवी. फोटोची सावली कशी पडेल?" तिचा आवाज चढला होता, आणि गंमत म्हणजे तिला त्याची अजिबात लाज वाटली नाही. "माझी दरी काय लग्नाच्या फोटोमागचा पडदा आहे?"

मामाने कॅमेरामावशींकडे बघितलं. कॅमेरामावशी म्हणाल्या, "पोरगी चुकीचं काही बोलत नाहीये."

"बरं," मामा म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत मला त्या पुलापर्यंत पोचवून दाखव. नाहीतर फोटो."

त्या रात्री भिंगरीला झोप लागली, कारण तिला झोप नेहमीच लागायची, पण सकाळी ती उठली ती थेट चिमट्याचाच विचार करत.

पहिला प्रयोग त्या चिमट्याचाच झाला. स्वयंपाकघरातला लांब चिमटा तिने झाडूच्या दांड्याला बांधला. मामा टोपीवाल्याला चिमट्यात द्यायला तयारच होईना, म्हणून आधी एका खोडरबरावर चाचणी झाली. दांड्याचं टोक असं थरथरत होतं की खोडरबर पुलाऐवजी शेतात पडलं आणि एक कुंपण आडवं झालं. "साहेबांना असं टाकलं असतं तर त्यांनी राजीनामा दिला असता," मामा म्हणाला.

दुसरा प्रयोग फळीचा. पुढे एक शिडीवजा घोडा, मागे खिडकीचा कठडा, त्यावर दरीच्या वरून आडवी फळी, आणि फळीवर पालथा मामा. मामा तसा आडव्या अंगाचा माणूस. तो मध्यावर पोचला तेव्हा फळी मधोमध वाकली आणि त्याचं नाक पाइनच्या झाडांपासून बोटभर अंतरावर येऊन थांबलं.

"श्वास घेऊ नकोस," कॅमेरामावशी ओरडल्या. "झाडं हलतायत."

"किती वेळ नको घेऊ?"

"फिल्म संपेपर्यंत."

"मामा, तुझं तोंड लाल झालंय," भिंगरी म्हणाली.

"उलटं लटकल्यावर काय हिरवं होणार?" मामा म्हणाला, आणि बोलताना त्याचा चष्मा नाकावरून सुटला. तो टेकडीवर पडला, उतारावरून घसरत शेजाऱ्याच्या घराच्या छपरावरून गेला आणि मागच्या भिंतीलगतच्या फटीतून खाली नाहीसा झाला. मामाला मागे ओढून काढायला दोघींना त्याचे दोन पाय धरावे लागले. जमिनीवर आल्यावर तो बराच वेळ बसून राहिला. "फोटोच बरा," असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं.

"मी चष्मा आणते," भिंगरी म्हणाली आणि टेबलाखाली शिरली.

खाली अंधार होता. ती पट्ट्यांच्या पिंजऱ्यातून वाकून, रांगून, सरपटून मागच्या भिंतीपर्यंत गेली. चष्मा सापडला, काच शाबूत होती. परतताना दमून ती मध्येच उताणी पडली आणि वर बघितलं.

वर दरी होती. तिची खालची बाजू. टेबलांच्या फटींतून वाळलेल्या डिंकाचे ओघळ लोंबत होते, कुठे थर्मोकोल दिसत होता, कुठे वर्तमानपत्राचा कोपरा. वरून जी दरी मैलोन्‌मैल पसरली होती ती खालून म्हणजे एक खरखरीत, बुटकं छप्पर होतं. तिने हात वर केला. हात सहज टेकला. सरकून थोडं पलीकडे हात लावला, तिथेही टेकला. इथे असा एकही डोंगर नव्हता जिथे हात पोचत नव्हता.

 मग तिने मुठीने ठकठक केलं.

"मामा, मी आत्ता कुठे वाजवतेय?"

वरून मामाचा वैतागलेला आवाज आला, "टेबलावर."

"दरीत कुठे, ते सांग ना."

 मग कॅमेऱ्यामागची खुर्ची करकरली आणि कॅमेरामावशी म्हणाल्या, "डोहातून येतोय आवाज. पुलाच्या अगदी शेजारून."

भिंगरी टेबलाखालून बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत कोळिष्टकं होती आणि तिला धड बोलता येत नव्हतं. "वरून कशाला," एवढंच ती दोनदा म्हणाली. "वरून कशाला जायचं?"

मामाला कळायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा खुलला, आणि लगेच पडला. "म्हणजे भोक पाडायचं? ह्याला करवत लावायची?" त्याने दरीकडे असं बघितलं जसं कुणी झोपलेल्या बाळाचे केस कापायला सांगितले आहेत. "प्लास्टर तडकलं तर सगळं गेलं. मग फोटो काढायलाही काही उरणार नाही. हे माझ्याच्याने नाही होणार. तुझी दरी आहे, काय ते तू ठरव."

आता आली का पंचाईत. कापलं तर दरी जाण्याची भीती, नाही कापलं तर दरीचा पडदा होणार हे नक्की. आणि कापायचं ते कुठे, तर डोहाकाठी, जिथली एकेक काडी तिने चिरून लावली होती.

तेवढ्यात तिची आई आली. आई इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीतली नर्स. ड्यूटी संपवून ती सगळ्यांचा डबा घेऊन स्टुडिओत आली होती आणि दारातच तिला भाऊ, लेक आणि कॅमेरामावशी असे तिघं तोंड पाडून बसलेले दिसले.

"कोण गेलं?" आईने विचारलं.

"अजून कुणी नाही, ताई," मामा म्हणाला. "तुझी लेक दरीचं पोट फाडू म्हणतेय."

आईने सगळं ऐकून घेतलं. मग डबा ठेवला, पर्स ठेवली आणि दरीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "फाडायचं कशाला? नीट उघडायचं. आमच्याकडे डॉक्टर काय करतात, जिथे कातडीला मुळातच घडी असते तिथून कापतात. टाके घातल्यावर खूण कुठे गेली ते पेशंटलाही सापडत नाही." तिने डोहाच्या काठावरून हवेत बोट फिरवलं. "ही बघ घडी. पाणी संपतं आणि माती लागते तिथे रेघ असणारच. त्या रेघेवर कोण संशय घेतंय?"

"लव्हाळं कापलं जाईल," भिंगरी म्हणाली.

"कापलं जाईल. मग?"

भिंगरीने डोहाकडे बघितलं. मग कॅमेऱ्याकडे. मग डबीत आडव्या पडलेल्या टोपीवाल्याकडे. "मग परत लावीन," ती म्हणाली. "पण कापणार मी. दुसरं कुणी नाही."

आईने पर्समधून आपली ऑपरेशनची टोपी काढून तिचे केस आत कोंबले, तोंडाला मास्क बांधला, डोळ्यांना मामाचा रंगकामाचा गॉगल. "हं. जा आता, डॉक्टरीणबाई."

अडचण एकच होती. खालून डोहाचा काठ दिसत नव्हता. त्यावर कॅमेरामावशींनी उपाय काढला. भिंगरीने खालून बारीक गिरमिटाने भोक पाडायचं आणि त्यातून विणायची सुई वर खुपसायची. सुईचं टोक कुठे उगवलं ते मावशी कॅमेऱ्यातून बघून सांगणार.

पहिली सुई शेताच्या मधोमध उगवली.

"पीक आलं," मामा म्हणाला.

"तू गप रे," आई म्हणाली. "भिंगरी, बरीच मागे ये."

दुसरी सुई पुलाला चाटून गेली तेव्हा तिघांनी एकदम श्वास रोखला. तिसरी बरोबर काठावर, दगडाच्या आडोशाला. मग जमलं. सुयांची ओळ डोहाभोवती अशी फिरत गेली जशी कुणीतरी जमिनीखालून रांगोळी काढतंय. पट्ट्यांमधल्या चौकटीत जेवढं भोक बसेल तेवढंच काढायचं होतं. ते आखून झालं आणि भिंगरीने पातळ पात्याची करवत घेतली.

पहिल्यांदा करवत ओढली तेव्हा वरून प्लास्टरचा चुरा तिच्या मास्कवर पडला आणि तिचा हात थांबला. 

"झाडं हलतायत का?" तिने विचारलं.

"एकही नाही," कॅमेरामावशी म्हणाल्या.

"नक्की?"

"मी इतकी वर्षं डोळा मिटून काय झोपा काढते का गं? काप बिनधास्त."

मग ती कापत गेली. हळू, लांब, न दाबता, आईने सांगितल्याप्रमाणे पात्यालाच काम करू देत. हात भरून आले, मान अवघडली, घामाने गॉगल धुरकट झाला. लव्हाळ्याच्या काड्या कटकट तुटलेल्या तिला ऐकू आल्या, आणि प्रत्येक वेळी ती मनात म्हणाली, परत लावीन, परत लावीन. करवत फिरून निघाल्या जागी आली तेव्हा अख्खा डोह अलगद तिच्या दोन्ही तळव्यांवर उतरला. वरून उजेडाचा एक गोल तिच्या अंगावर पडला.

"तडा?" तिने विचारलं.

वर कॅमेऱ्यामागची खुर्ची करकरली. मग मामाचा आवाज आला. "केसाएवढाही नाही."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. मामाने बाह्या सरसावल्या, हातमोजे चढवले आणि तो टेबलाखाली शिरला. त्याची धडपड ऐकू येत राहिली. मग डोहाच्या जागी त्याचा एक हात वर आला. मग त्याच्या डोक्याचा वरचा भाग, टक्कल पडायला लागलेला. आणि तिथेच सगळं थांबलं.

"वर ये ना," आई म्हणाली.

"खांदे अडकलेत."

"तिरका हो."

"तिरकाच आहे."

"मग एक पट्टी काढ."

"एक पट्टी काढली तर सगळा डोलारा हलेल," मामा खालून म्हणाला. "कुठल्या गाढवाने ठोकल्यात इतक्या?" आणि मग थोड्या वेळाने, "बरं, बरं. माहीत आहे."

त्याला परत पायांना धरूनच बाहेर काढावं लागलं. दिवसातून दुसऱ्यांदा.

"माझ्याकडे बघू नका," कॅमेरामावशी म्हणाल्या. "मी कॅमेरा सोडणार नाही, आणि मी तिथे मावेन असं म्हणणारा माणूस खोटारडा आहे."

"आणि मी सकाळपासून उभी आहे," आई म्हणाली.

तिघांनीही एकाच वेळी भिंगरीकडे बघितलं. ती अजून आईची टोपी घालून डोह मांडीवर घेऊन बसली होती.

"मी?" भिंगरी म्हणाली. "मी फक्त दरी बनवते. मी त्याला कधी हातसुद्धा लावलेला नाही."

मामाने टोपीवाल्याकडे बघितलं. ज्याला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नव्हतं त्याच्याकडे. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याच्या मिशीवरून कळत होतं, ती वरखाली होत होती. मग त्याने हातमोजे काढले आणि भाचीच्या हातात ठेवले.

"ऐक," तो म्हणाला. "चालणं म्हणजे काय ठाऊक आहे? माणूस आधी पुढे पडतो, मग पाय टाकून सावरतो. दर पावलाला पडतो आणि सावरतो. लोक पाय पुढे सरकवतात आणि मग बाहुली घसरगुंडीवरून गेल्यासारखी दिसते. तू आधी त्याला पडू दे. थोडासा. घाबरू नकोस, त्याला सवय आहे."

भिंगरी पुन्हा खाली शिरली. भोकातून हात वर काढले, मग डोकं, मग खांदे, एक आधी, एक नंतर. आणि ती दरीत उगवली.

आजवर तिने ही दरी फक्त समोरून बघितली होती, कॅमेऱ्याच्या भोकातून, एका डोळ्याने. आता ती गळ्याएवढ्या दरीत उभी होती. चारही बाजूंनी डोंगर. मागच्या चिमुकल्या घराचं दार तिच्या नाकासमोर. पाइनची झाडं तिच्या हनुवटीच्या उंचीची, आणि त्यांच्यामधून दूर कुठेतरी आई, मामा आणि कॅमेरामावशी असे तीन प्रचंड चेहरे क्षितिजावर उगवलेले. तिला हसू फुटलं, आणि हसल्याने झाडं हलतील म्हणून तिने ते ओठांत दाबलं.

मग मामाने टेबलाखाली शिरून टोपीवाल्याला दोन्ही हातांनी तिच्याकडे वर दिलं. तिने त्याला पायवाटेवर उभं केलं, पुलाच्या अलीकडे. खांद्यावर शिडी. तो तिच्याकडे बघत होता. जवळून त्याचा चेहरा अगदी ओशाळा होता.

"त्याला पडू दे," मामा म्हणाला.

तिने त्याला केसभर पुढे झुकवलं. पाय जरासा उचलला. मग खाली बसली, डोह डोक्यावर ओढून घेतला, काठाच्या रेघेला रेघ जुळवून घट्ट धरून ठेवला.

"क्लिक," कॅमेरामावशी म्हणाल्या. त्यांचा कॅमेरा आवाज करत नसे, म्हणून त्या स्वतःच करायच्या.

डोह काढ, वर ये, केसभर सरकव, खाली जा, डोह लाव. क्लिक. एकदा ती डोह लावायचीच विसरली आणि नदीच्या मधोमध काळं भोक आलं, ते चित्र पुसावं लागलं. एकदा टोपी निघून तिचे केस लव्हाळ्यात अडकले. पण मग हातांना लय सापडली. वर, खाली, क्लिक. मांड्या भरून आल्या, आणि तिला ते बऱ्याच वेळाने कळलं.

थोडे फोटो झाल्यावर मामाने ते जोडून पडद्यावर लावले. भिंगरी डोहातून मान उंच करून बघत होती.

टोपीवाला डोंगराच्या सावलीतून बाहेर आला. एका पाइनमागे दिसेनासा झाला, पलीकडून निघाला. दोनअडीच पावलं चालला असेल. एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा उशिरा उचलत होता, जसं शिडीचं ओझं त्याच बाजूला जास्त आहे.

 त्याने ते परत लावलं. मग आणखी एकदा.

"लंगडतोय," भिंगरी म्हणाली. "मी तो पाय कमी सरकवला. परत करू का?"

"हात लावशील तर खबरदार," मामा म्हणाला. "इतकी वर्षं शिडी ठेवून घेतली, जड जाणारच त्याला." आणि तो चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसायला लागला. आईने ते बघितलं आणि काही न बघितल्यासारखं करून डबा उघडला.

"चला, जेवून घ्या सगळे," ती म्हणाली. "भिंगरी, बाहेर ये. दुपार सरत आली."

"नाही येत."

"नाही येत म्हणजे?"

"त्याचा पाय हवेत आहे," भिंगरी म्हणाली. "असं एका पायावर ठेवून मी कशी जेवू?"

"दोन मिनिटांत काही होत नाही त्याला."

"आई, पुलावर पाऊल पडायला एवढंसं राहिलंय."

आईने भावाकडे बघितलं. भाऊ म्हणाला, "खरं आहे तिचं, ताई. पाय हवेत असताना कुणी उठत नसतं." मग तिने एक उसासा टाकला, पदर कमरेला खोचला, डबा हातात घेतला आणि गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरली.

"आ कर," अंधारातून तिचा आवाज आला.

भिंगरीने खाली वाकून घास घेतला, गालात कोंबला आणि हातमोज्याने डोह डोक्यावर ओढला.

"क्लिक," वरून कॅमेरामावशी म्हणाल्या.